जुन्या टेम्पोची चासी घरच्या घरी साफ करून रंगवायची कशी?

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. टाटा ४०७ सारख्या मालवाहू गाडीत तो शिडीसारखा असतो. दोन बाजूंना दोन लांब पोलादी पट्ट्या, ज्यांना लाँग मेंबर म्हणतात, आणि त्यांना रिव्हेट मारून जोडलेले आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, केबिन, हौदा, पाटे, सगळं या शिडीला अडकवलेलं असतं. ४०७ बाजारात आली १९८६ मध्ये, आणि जुन्या ४०७ आजही कोकणात मासळी, आंबा, चिरा वाहताना दिसतात. या गाड्यांचं इंजिन दोनदा बांधून होतं, हौदा तर कितीदा नवा बसतो. चासी मात्र तीच राहते. गाडीची ओळख असलेला नंबर तिच्यावरच कोरलेला असतो, आणि ती बदलायची म्हणजे आरटीओच्या कागदांपासून सगळं नव्यानं. जुन्या गाडीत एवढा खर्च सहसा कोणी घालत नाही. थोडक्यात, चासी गेली की गाडी गेली, आणि गाडीवर घर चालत असेल तर पुढचं सांगायला नको.

या लेखात आपण किनारपट्टीवरची, मासळी वाहणारी जुनी ४०७ डोळ्यांसमोर ठेवू. गंजाच्या बाबतीत ही सगळ्यात अवघड केस. तुमची गाडी देशावर कोरड्या हवेत चालत असेल तर यातलं धुण्याचं काम बरंच कमी होईल, बाकी सगळं तसंच.

रंगाखाली नेमकं काय चालतं

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज येतो, हे शाळेत झालंय. पण नुसत्या पाण्यानं येणारा गंज संथ असतो. त्यात मीठ मिसळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि तीच रासायनिक क्रिया झपाट्यानं होते. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या फळ्यांमधून थेंब थेंब चासीवर पडतं, आणि फेरी संपली तरी मीठ तिथेच राहतं.

आता महत्त्वाची गोष्ट. साधं मीठ हवेतून पाणी ओढतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळून थेंब होतो. पावसाळ्यात डबीतलं मीठ ओलं होतं, तेच हे. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे गाडी शेडमध्ये कोरडी उभी असली तरी मीठ असलेली जागा ओली. आणि अशा जागेवर तुम्ही रंग लावला तर? रंगाचा थर पाण्याची वाफ थोडीफार आत सोडतोच. खालचं मीठ ती ओढून घेतं, फोड येतात, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली गंज चालू राहतो. रंग चार महिन्यांत सुटला की लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष डब्यातल्या रंगात नसतो, तो खालच्या पृष्ठभागात असतो.

दुसरा प्रकार दोन पत्र्यांच्या मध्ये होतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. जिथे लाँग मेंबरवर मजबुतीसाठी दुसरी पट्टी बसवलेली असते, तिथे फटीत गंज साठला की तो दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून ढकलायला लागतो. कड फुगलेली, रिव्हेटची डोकी ताणलेली दिसली तर आत हेच चाललंय असं समजा.

आधी ठरवा: ही चासी रंगवण्याच्या लायकीची आहे का?

हे काम सगळ्यात आधी, एकही डबा विकत आणण्याआधी. एक छोटा हातोडा घ्या आणि चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगल्या पोलादाचा आवाज ठणठणीत येतो. आत खाल्लेल्या जागी तो बद येतो, कधीकधी खपलीच खाली पडते. खपली पडली तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचून बघा. टोक आत गेलं तर ती रंगाची जागा नाही.

कुठे जास्त बघायचं? पाटे जिथे चासीला धरतात त्या ब्रॅकेटच्या आजूबाजूला, क्रॉस मेंबरच्या सांध्यात, केबिनच्या मागे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाँग मेंबरच्या वरच्या आडव्या पट्टीवर. हौदा आणि चासी यांच्या मध्ये लाकडी पट्टी घातलेली असते. ते लाकूड स्पंजसारखं पाणी धरतं आणि खालचं पोलाद वर्षानुवर्षं ओलं ठेवतं. खालून बघितलं तर तिथे काहीच दिसत नाही. म्हणून हौदा न उतरवता केलेलं काम माझ्या मते अर्धंच काम. यू क्लॅम्प काढून हौदा उचलायचा असेल तर ते चेन-पुलीवाल्या गॅरेजमध्येच करा, चार माणसं आणि वासे लावून नको.

जिथे पोलाद पातळ झाल्यासारखं वाटतं तिथे घासून झाल्यावर व्हर्निअर लावा आणि त्याच पट्टीच्या निरोगी भागाशी तुलना करा. डोळ्यांनाच कळेल इतका फरक, भोक, किंवा एखादी केसासारखी बारीक चीर, यातलं काहीही सापडलं तर थांबा. चासीचं पोलाद साध्या अँगल-पट्टीसारखं नसतं. ते जास्त ताकदीचं असतं, आणि वरच्या-खालच्या आडव्या पट्टीवर कुठेही वेल्डिंग केलं किंवा भोक पाडलं तर तिथूनच पुढे तडा जायची शक्यता वाढते. भोकावर पत्रा डकवून वर काळा रंग मारणं म्हणजे बग दुरुस्त न करता एरर मेसेज लपवणं. फरक एवढाच की इथे वर दोन टन माल असतो आणि समोर आंबा घाट. अशी चासी कंपनीच्या वर्कशॉपला किंवा जड वाहनांच्या चासीचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा.

जाता जाता, जुनी गाडी विकत घेताना चासीवर ताजा, जाड, डांबरासारखा काळा थर दिसला तर खूश होऊ नका. हातोडा सोबत न्या.

धुणं, आणि परत धुणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. ४०७ च्या खाली चाकं न काढताही झोपून काम करता येतं, त्यामुळे उगाच जॅकवर चढवू नका. एखादं चाक काढायचंच असेल तर चासीखाली स्टँड हवेत, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नाही.

आधी ग्रीस आणि जुनं ऑइल काढायचं. बरेच ड्रायव्हर पावसाळ्यापूर्वी चासीला जळकं इंजिन ऑइल फासतात. ते काही अगदीच निरुपयोगी नाही, तेल फटीत शिरतं आणि थोडा काळ पाणी अडवतं. पण रबरी बुश आणि ब्रेकच्या होजला ते चांगलं नाही, पावसात धुऊन विहिरीत जातं, आणि त्यावर रंग धरतच नाही. रॉकेल किंवा डिझेलनं ते सुटतं, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो. म्हणून त्यानंतर डीग्रीझर किंवा भांड्याच्या साबणाच्या कडक द्रावणानं ब्रशनं घासून धुवा. क्रम हाच ठेवा. तेल न काढता वायर ब्रश फिरवला तर तेच तेल पोलादावर घोटलं जातं.

मग पाण्याचा प्रेशर मारा, चासीच्या आतल्या बाजूनं आणि सगळ्या भोकांमधून. इथे किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक सूचना: बोअरवेलचं पाणी चाखून बघा. मचूळ लागत असेल तर त्या पाण्यानं मीठ धुताय असं म्हणता येणार नाही. नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं गोडं पाणी वापरा, निदान शेवटच्या दोन वेळा तरी.

मीठ गेलं की नाही हे कसं कळणार? जहाजांच्या आणि पुलांच्या रंगकामात यासाठी पृष्ठभागावर एक छोटा पॅच चिकटवून त्यात शुद्ध पाणी सोडतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. त्याला ब्रेस्ल चाचणी म्हणतात. घरी त्याची गावठी आवृत्ती करता येते. पाणी शुद्ध करायच्या मशीनसोबत मिळणारा टीडीएस मीटर घ्या. मेडिकलमधून किंवा बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणा, त्याचा आकडा बघा. मग स्वच्छ कापसाचा बोळा त्यात भिजवून तळहाताएवढी जागा पुसा, बोळा तेवढ्याच पाण्यात पिळा आणि परत मोजा. दर वेळी जागा तेवढीच आणि पाणी तेवढंच घ्यायचं. हा आकडा कुठल्याही मानकाशी जुळवायचा नाही, फक्त धुण्याआधीचा आणि नंतरचा असा ताडून बघायचा. दोन धुण्यांमध्ये आकडा उतरायचा थांबला की पुरे.

घासणं

सगळा वेळ इथे जातो. जाड खपल्या आधी छिन्नी-हातोड्यानं आणि स्क्रॅपरनं पाडा. मग अँगल ग्राइंडरला वायरचा कप ब्रश. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० फेऱ्या प्रति मिनिट फिरतो, त्यामुळे ब्रशवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची संख्या त्याहून जास्त असली पाहिजे. ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याची शील्ड घाला, ग्राइंडरचा गार्ड काढू नका, सैल शर्ट आणि गमछा तर नकोच.

मास्कही हवाच. जुन्या रेड ऑक्साइड प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असायचं, आणि त्यातलं क्रोमियम कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या प्रकारातलं आहे. जुन्या रंगात शिसंही असू शकतं. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, आणि पडलेला भुसा झाडू नका, ओल्या फडक्यानं गोळा करा.

ब्रेकच्या धातूच्या नळ्या लाँग मेंबरच्या कडेनं जातात. त्यांच्याजवळ ग्राइंडर अजिबात नाही, हातातला वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. नळीच गंजलेली दिसली तर ती बदलायची, तिच्यावर रंग चढवून लपवायची नाही. डिझेल टाकी शक्य असेल तर उतरवा, नाहीतर ठिणग्या तिकडे जाणार नाहीत असा पत्रा आड धरा, आणि थिनर-रॉकेलची फडकी आधी लांब नेऊन टाका.

किती घासायचं? आयएसओ ८५०१-१ या मानकात हातानं आणि मशीननं केलेल्या सफाईच्या दोन पायऱ्या आहेत, एसटी २ आणि एसटी ३. दोन्हींत सुटा गंज, सुटा रंग, तेल, माती गेलेली असते, आणि एसटी ३ मध्ये पोलादाची धातूची झाक दिसायला लागते. वाळूचा मारा करून मिळणारी सफाई याच्या पलीकडची, ती घरी होत नाही. आपण एसटी ३ पर्यंत जायचं. घट्ट बसलेला, नखानं न निघणारा काळपट गंज खड्ड्यांत थोडा राहणार, तो राहू द्या. एक धोका मात्र आहे. वायर ब्रश एकाच जागी जास्त फिरवला तर पोलाद आरशासारखं गुळगुळीत होतं आणि रंगाला पकड मिळत नाही. शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक हात सगळीकडे मारा.

आणि चासी नंबर. त्याच्यावर ग्राइंडर, छिन्नी, जाड प्रायमर यातलं काहीही नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आरटीओत चासी नंबर तपासला जातो, आणि अक्षरं पुसट दिसली तर नंबर खोडला की काय अशी शंका तुमच्यावरच येते. तिथे नरम ब्रशनं साफ करा आणि एक पातळ पारदर्शक लॅकर द्या. काम सुरू करण्याआधी त्याचा फोटो आणि पेन्सिलनं घासून कागदावर उतरवलेला ठसा ठेवून द्या.

रस्ट कन्व्हर्टर: कधी आणि किती

लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळाकुट्ट होतो. आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची संयुगं काळी असतात. टॅनिक अॅसिडचा रस्ट कन्व्हर्टर हेच करतो: खड्ड्यात उरलेल्या गंजाचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर. दुसरा प्रकार फॉस्फोरिक अॅसिडचा, त्यात लोहाचं फॉस्फेट तयार होतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण पातळ आणि घट्ट गंजावर. मिलिमीटरभर जाड खपलीवर ओतलं तर वरचा पापुद्राच बदलतो, खालचा तसाच राहतो.

फॉस्फोरिक वापरलं आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर लावणार असाल तर उरलेलं अॅसिड डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. अॅसिडचा अंश राहिला तर इपॉक्सीचं हार्डनर नीट काम करत नाही. संडास साफ करायचं अॅसिड मात्र चासीला लावू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे मिठातलं जे क्लोराइड धुवायला आपण एवढे कष्ट घेतले तेच परत. शिवाय पाटे आणि यू बोल्टसारख्या कडक पोलादाच्या वस्तूंत अॅसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि त्या ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतात.

रंग

मी घरच्या कामासाठी सुचवेन ते असं: झिंक फॉस्फेट असलेल्या दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर सिंथेटिक इनॅमलचे दोन हात. इपॉक्सी पोलादाला घट्ट धरतं आणि पाणी चांगलं अडवतं, पण उन्हात त्याची भुकटी व्हायला लागते, म्हणून वर इनॅमल. पीयू रंग इनॅमलपेक्षा टिकाऊ असतो हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फवारून श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि साधा मास्क ते अडवत नाही. घरच्या अंगणात पीयूचा स्प्रे नकोच. शिवाय इनॅमलवर पुढच्या वर्षी टचअप करणं सोपं. उलटा क्रम चालत नाही, म्हणजे जुन्या इनॅमलवर इपॉक्सी लावलं तर खालचा थर सुरकुत्या पडून उचलला जातो.

लागणार किती? समजा लाँग मेंबर ५ मीटर लांब, उभी बाजू १८० मिमी आणि आडव्या पट्ट्या ६५ मिमीच्या. आतून-बाहेरून मिळून घेर ६२० मिमी, म्हणजे एका मेंबरचं क्षेत्रफळ ३.१ चौरस मीटर, दोघांचं ६.२. क्रॉस मेंबर आणि ब्रॅकेट धरून ९ चौरस मीटर घ्या. रंगाच्या माहितीपत्रकात घन भागाची टक्केवारी दिलेली असते. सूत्र असं: १० गुणिले ही टक्केवारी, भागिले वाळलेल्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे लिटरमागे चौरस मीटर. ५० टक्के घन भाग आणि ७५ मायक्रॉन थर असेल तर ६.७ चौरस मीटर. म्हणजे एका हाताला जेमतेम १.३५ लिटर, सांडलवंड धरून १.६ ते १.७. आपल्या गाडीची मापं टाकून एकदा करून बघा. दुकानदार म्हणतो म्हणून एका लिटरमध्ये थिनर ओतून सगळी चासी उरकली, तर थर नुसता नावाला राहतो.

स्प्रेपेक्षा ब्रश बरा. तो रंग खड्ड्यात आणि फटीत दाबून भरतो. पहिल्यांदा नुसत्या कडा, रिव्हेटची डोकी, बोल्ट आणि सांधे छोट्या ब्रशनं रंगवून घ्या, मग पूर्ण हात. ओला रंग कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, म्हणून गंज नेहमी कडेपासून सुरू होतो. प्रायमरचे दोन हात दोन वेगळ्या छटांचे घेतले तर राहून गेलेली जागा लगेच दिसते. दोन हातांमधलं किमान आणि कमाल अंतर डब्यावर असतं. कमाल वेळ उलटली तर हलका पॉलिश पेपर मारूनच पुढचा हात.

वरचा रंग काळाच का असतो? सवयीनं. मी तर राखाडी लावायला सांगेन. फिकट रंगावर तडा आणि गंजाचा ओघळ लांबून दिसतो, आणि मालवाहू गाडीत ते वेळेवर दिसणं हीच मोठी गोष्ट.

रबरी बुश, ब्रेक होज, ग्रीस निपल, पाट्यांच्या घासणाऱ्या बाजू, सायलेन्सर आणि बॅटरीची अर्थिंग जिथे चासीला लागते ती जागा, एवढं टेपनं झाका. चासीतली पाणी जाण्याची भोकं बुजवू नका. दुहेरी पट्टीच्या ज्या फटीत ब्रश जात नाही, तिथे रंग सुकल्यावर पिचकारीनं मेणयुक्त गंजरोधक सोडा.

कधी

कोकणात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. नियम असा की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त. दवबिंदू मोबाइलच्या हवामान अॅपमध्ये मिळतो. जानेवारीत सकाळी आठला पोलाद दवानं ओलं असतं, नुसत्या डोळ्यांना कळत नाही, हात फिरवला की कळतं. दहा-अकराला सुरुवात करा आणि चारच्या आत शेवटचा हात संपवा, म्हणजे संध्याकाळचं दव पडायच्या आत थर धरतो. घासून उघडं केलेलं पोलाद रात्रभर तसंच ठेवू नका. समुद्राजवळ एका रात्रीत त्यावर पिवळसर थर येतो. म्हणून सगळी चासी एकदम उघडी न करता एका दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढंच घासा, आणि पुढच्या दिवशी जोडाच्या जागी चार बोटं मागून सुरुवात करा.

इनॅमल हाताला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला आठवडाभर जातो. तेवढे दिवस हौदा चढवू नका. चढवताना जुनी लाकडी पट्टी परत घालू नका, नवी घ्या आणि तिलाही चारही बाजूंनी रंग द्या. त्यानंतर मासळीच्या फेरीवरून आलं की हौदा धुताना पाइप दोन मिनिटं खालीही धरायचा, गोड्या पाण्याचा. आणि मे महिन्यात एकदा बॅटरी घेऊन खाली झोपून बघायचं. दगड लागून रंग उडालेली जागा दिसली तर पॉलिश पेपर, प्रायमर, इनॅमल, अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी उरलेल्या इनॅमलचा डबा झाकण घट्ट करून उलटा ठेवा, म्हणजे साय धरत नाही.